आतल्या कपड्यांची बाहेरची नावं

सवाष्णीची ओटी भरायची तर धान्य, नारळ आणि खण लागतो. खण म्हणजे एका चोळीपुरतं कापड. हळदीकुंकू लावून, चारचौघींच्या देखत, देवासमोरसुद्धा ते पदरात घातलं जातं आणि त्यात कोणालाही संकोच वाटत नाही. देवीलाही खणच चढवतात. पेशवाईच्या कागदांत राजघराण्यातल्या स्त्रियांना किरकोळ खर्चासाठी नेमणूक दिली तर तिला ‘चोळीबांगडी’ म्हणत. सासुरवाशिणीच्या मानपानाची भाषा आजही ‘साडीचोळी’चीच आहे. म्हणजे स्त्रीच्या अंगाला सगळ्यात जवळ बसणाऱ्या कापडाचं नाव मराठीनं सणासमारंभात, हिशेबात आणि देव्हाऱ्यात उघडपणे घेतलं.

तीच बाई वाळत घातलेली बॉडी मात्र टॉवेलखाली झाकते. चड्डी तर दोरीच्या भिंतीकडल्या टोकाला, परकराच्या आत. दुकानात मागताना ती नाव घेत नाही, आकडा सांगते. दुकानदारही वर्तमानपत्रात गुंडाळून देतो. घरात बोलायची वेळ आली तर ‘आतले कपडे’, थोडं शिकलेल्या घरात ‘अंतर्वस्त्रं’. यातला पहिला पत्ता आहे आणि दुसरा त्याच पत्त्याचा संस्कृत अनुवाद. नाव कुठलंच नाही.

असं का झालं, हा या लेखाचा प्रश्न आहे. उत्तर शोधताना शब्दकोशाइतकाच शिवणाचा डबा उघडावा लागतो, कारण यातले अनेक कपडे दुकानात येण्याआधी घरात शिवले गेले आणि नावं त्यांच्या मागून आली.

लिहिते आहे मालेगावातून. यंत्रमागांचं मालेगाव नाशिक जिल्ह्यात आहे. हे वाशीम जिल्ह्यातलं, जुन्या कागदांतलं मालेगाव जहांगीर. १९९८ साली अकोल्यातून वाशीम जिल्हा वेगळा निघाला, त्याच्या सहा तालुक्यांपैकी हा एक. इथल्या आठवडी बाजारात वऱ्हाडी, बंजाऱ्यांची गोरबोली, मुसलमान घरांतली दखनी वळणाची उर्दू, व्यापाऱ्यांची मारवाडी आणि शाळेतली पुस्तकी मराठी एकमेकींना लागून उभ्या असतात. एकाच कपड्याला इथे तीन-चार नावं भेटतात ती त्यामुळे.

चोळीपासून सुरुवात करू. ‘चोल’ आणि ‘कूर्पासक’ हे दोन्ही शब्द अमरकोशात एकमेकांशेजारी, एकाच अर्थाचे म्हणून आलेले आहेत. पहिल्याची चोळी झाली आणि ती उत्तरेत-दक्षिणेत सगळीकडे गेली. दुसरा मराठीत टिकला नाही, पण कानडीत ‘कुप्पस’ म्हणून आणि मलयाळममध्ये ‘कुप्पायम्’ म्हणून जगला. संस्कृत ‘कंचुक’ या तिसऱ्या शब्दाची कंचुकी झाली, मराठीत काचोळी, गुजराती-मारवाडीत कांचळी. हा शब्द आमच्या जिल्ह्यात अजून रोजच्या वापरात आहे, मात्र मराठी घरांत नाही. मानोरा तालुक्यातल्या पोहरादेवीला संत सेवालाल महाराजांची समाधी आहे. तिथे रामनवमीला जमणाऱ्या जुन्या बंजारा बायांच्या अंगावर फेटिया, कांचळी आणि ओढणी असते. कांचळीची पाठ उघडी, ती बंदांनी मागे बांधायची. पुढच्या बाजूला आरसे, कवड्या आणि रंगीत दोऱ्याचं भरतकाम. ही कांचळी बाई स्वतः शिवते आणि भरते. तांड्यावर त्यासाठी शिंपी नसे. पाठ उघडी आणि छातीला आधार, ही रचना नीट लक्षात ठेवावी, पुढे ती अमेरिकेत भेटणार आहे.

चोळी ही एकाच वेळी आतलीही होती आणि बाहेरचीही. तिच्यावर दुसरं काही नव्हतं, पदर सोडला तर. अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यात महाजनक जातकाच्या चित्रात लांब बाह्यांची शिवलेली चोळी घातलेली नर्तकी आहे. म्हणजे आपल्याकडे बायकांचं शिवलेलं कापड मुसलमानी अमदानीत आलं, हा गैरसमज तिच्यापुरता तरी तिथेच मिटतो. मराठी चोळी पुढे गाठ मारून बसवतात. त्या गाठीकडे शोभेची गोष्ट म्हणून पाहिलं जातं, पण ती छातीच्या बरोबर खाली येते आणि कापड खालून वर ओढून धरते. आजच्या भाषेत तिला ‘सपोर्ट’ म्हणतील.

मग चोळीवर कुरघोडी झाली. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात शहरांतल्या शिकलेल्या घरांत चोळीच्या जागी लांब, कमरेपर्यंतचं, पुढे बटणांचं ‘पोलकं’ आलं. १८४०च्या दशकात युरोपात पोल्का नावाचा नाच फार गाजला आणि अंगासरशा जाकिटालाही ते नाव मिळालं. आपलं पोलकं त्याच जाकिटाशी जोडलं जातं. त्यानंतर ‘झंपर’, म्हणजे इंग्रजीतला जंपर. वऱ्हाडातल्या म्हाताऱ्यांच्या तोंडी अजून ब्लाउजला झंपरच आहे. मग ब्लाउज आला आणि तो पातळ वायलचा, पुढे नायलॉनचा झाला. त्यातून आतलं दिसू लागलं आणि आत काहीतरी असण्याची गरज पडली. ते ‘काहीतरी’ म्हणजे बॉडी.

बॉडी या शब्दाला आपल्याकडे गावंढळ समजतात. ‘ब्रा’ म्हणणारी शहाणी आणि ‘बॉडी’ म्हणणारी अडाणी, असा एक अलिखित निवाडा आहे. तो चुकीचा आहे. इंग्रजीत ‘बॉडिस’ हा शब्द मुळात ‘बॉडीज’, म्हणजे बॉडीचं अनेकवचन. सोळाव्या-सतराव्या शतकात कमरेच्या वरच्या, दोन बाजू जोडून केलेल्या अंगरख्याला ‘पेअर ऑफ बॉडीज’ म्हणत. अनेकवचनाचं पुढे एकवचन झालं आणि मूळ विसरलं गेलं. इंग्रजांनी विसरलेला शब्द आमच्या आज्यांनी, नकळत का होईना, मुळाच्या जवळ नेऊन ठेवला. आणि गंमत अशी की उत्तरेतल्या बायकांनीही याच रस्त्यानं नाव ठेवलं होतं. हिंदीतली ‘अंगिया’ अंगावरून आली. बॉडी म्हणजे अंग, अंगिया म्हणजे अंगाची. दोन भाषा, एकच विचार.

अंग हा शब्दच मराठी बाईच्या बाबतीत फार ओझं वाहतो. पांढरं ‘अंगावरून’ जातं. गर्भाशय खाली सरकलं तर ‘अंग बाहेर’ येतं. अवयवाचं नाव घ्यायचं नसलं की अंग पुढे करायचं. याकडे परत यायचं आहे.

कमरेच्या वरच्या कपड्याला निदान चोळीचा वारसा होता. कमरेखालच्याचं काय? वस्तू संस्कृतात होती, नावंही होती. अमरकोशात ‘अर्धोरुक’ म्हणजे अर्ध्या मांडीपर्यंतचं आणि ‘चंडातक’ अशी स्त्रियांच्या आखूड वस्त्राची नावं आहेत. सातव्या शतकात बाणभट्टानं ‘हर्षचरिता’त मालतीचं वर्णन केलं आहे, त्यात तिच्या झिरझिरीत पांढऱ्या कंचुकातून आतलं कुसुंबी रंगाचं चंडातक दिसतं. म्हणजे आतलं वस्त्र होतं, रंगवलेलं होतं आणि त्याचं नाव राजदरबारच्या कवीला लिहिता येत होतं. मराठीत यातलं काही उतरलं नाही. कारण मराठी बाईला त्याची गरज उरली नाही.

गरज उरली नाही ती कासोट्यामुळे. नऊवारी लुगडं नेसताना निऱ्यांचा भाग दोन पायांमधून मागे नेऊन खोचला की दोन्ही मांड्यांभोवती कापडाच्या वेगळ्या नळ्या तयार होतात आणि मध्ये कापडाचे दोन-तीन पदर बसतात. हेच अंतर्वस्त्र आणि हेच बाह्यवस्त्र. शिवण नाही, नाडी नाही, आणि वाकून पऱ्हाटीतला कापूस वेचायला, चिखलात उतरायला, झाडावर चढायला पाय मोकळे. ऋतुकाळात जुन्या कापडाची घडी त्याच कासोट्याच्या ताणावर जागेला राहत असे. लहान मुलींचं मात्र अवघड होतं. परकराला कासोटा नाही, म्हणून घडी कमरेच्या करदोड्यात पुढेमागे अडकवायची. चालताना ती सरकायची आणि त्या भीतीनं मुलगी घरात बसायची.

कासोटा हा शब्द ‘कच्छ’ या मुळाचा. शीख स्त्री-पुरुषांच्या पाच ककारांतला ‘कछेरा’ त्याच घरातला. आमच्याच तालुक्यातल्या शिरपूर जैन इथल्या अंतरिक्ष पार्श्वनाथाच्या मूर्तीवर कटिसूत्र आणि ‘कछोटा’ असावा की नाही, हा श्वेतांबर-दिगंबर वाद लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेला आणि १९२९ साली तिथे त्यावर निकाल झाला. पुढेही तो न्यायालयांत राहिला. त्या वादात शिरायचं इथे कारण नाही. मला फक्त हे दाखवायचं आहे की पुरुषाच्या कमरेचं वस्त्र भाषेला कधी अडचणीचं वाटलं नाही. त्याच्यावर कोर्टात वकील बोलले. मैत्रीला आपण लंगोटीयार म्हणतो, ब्रह्मचर्याला लंगोटबंद, पहिलवानाच्या तालमीला जांघ्या. साधूचं कौपीन तर वैराग्याची खूण. स्त्रीच्या कमरेखालच्या शिवलेल्या कपड्यावरून एकही वाक्प्रचार मला मराठीत आढळला नाही.

गोल साडीनं हे सगळं बदललं. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात पाचवारी-सहावारी पातळ आलं, कासोटा गेला. सकच्छ नेसावं की विकच्छ, यावर घराघरांत कटकटी झाल्या. नीतीचा वाद म्हणून त्या आठवल्या जातात, पण खरा प्रश्न शिवणाचा होता. कासोटा काढला की साडी खोचायला खाली काहीतरी घट्ट लागतं, ते म्हणजे नाडीचा परकर. आणि परकराच्या आत मोकळीक राहते, तिला आणखी काहीतरी लागतं. बंगालमध्ये हा प्रश्न आधी सुटला, तोही मुंबईच्या वाटेनं. सत्येंद्रनाथ ठाकूर सनदी नोकरीसाठी मुंबई इलाख्यात आले तेव्हा त्यांची पत्नी ज्ञानदानंदिनी देवी १८६४ साली इथे आली. बंगाली पद्धतीची एकवस्त्रा साडी नेसून घराबाहेर पडता येईना, म्हणून तिनं पारशी बायकांची पद्धत पाहून साडी, ब्लाउज, शेमीज आणि साया असा पोशाख बसवला. साया म्हणजे पोर्तुगीज ‘साइया’, घागरा. शेमीज फ्रेंच-इंग्रजीतून आली. हिंदीत परकराला अजून साया म्हणतात आणि विदर्भाच्या हिंदीला लागून असलेल्या गावांतही तो कानावर येतो. शेमीजचं मराठीत शमीज झालं, ते शाळकरी मुलींच्या वाट्याला आलं. काही घरांत त्यालाच पेटीकोट म्हणतात आणि काही घरांत पेटीकोट म्हणजे परकर. विकत घेताना कोणाला काय म्हणायचं आहे हे दुकानदाराला हातानं दाखवावं लागतं.

आता ‘निकर’. वऱ्हाडात लहान पोरांच्या आणि काही घरांत मुलींच्या चड्डीला निकर किंवा निक्कर म्हणतात. हा शब्द वॉशिंग्टन आयर्व्हिंग या अमेरिकन लेखकाच्या एका थट्टेतून निघाला. १८०९ साली त्यानं न्यूयॉर्कचा विनोदी इतिहास लिहिला आणि त्याचा लेखक म्हणून डीड्रिक निकरबॉकर हे डच वळणाचं खोटं नाव टाकलं. पुढे त्या पुस्तकातल्या चित्रांत गुडघ्यापर्यंतच्या ढगळ विजारी घातलेले डच होते, म्हणून तसल्या विजारींना निकरबॉकर म्हणू लागले. त्याचं आखूड रूप निकर्स, आणि ते इंग्लंडात बायकांच्या आतल्या कपड्याचं नाव झालं. मुळात अस्तित्वातच नसलेल्या एका इतिहासकाराचं आडनाव आज मालेगावच्या बाजारात टोपलीत विकायला असतं. पुरुषांच्या गंजीफ्रॉकची गोष्टही अशीच, इंग्लंड-फ्रान्समधल्या गर्न्सी बेटाच्या विणलेल्या सदऱ्यापासून निघालेली. आणि बनियन आपल्याच वाण्यावरून परदेशी गेला आणि परत आला.

चड्डी मात्र देशी. तिची प्रतिष्ठा मराठीत शून्य, इंग्रजीत बरी आहे. ब्रिटनमधल्या भारतीय-पाकिस्तानी वस्तीतून ‘चडीज’ हा शब्द तिथल्या बोलण्यात गेला आणि २०१९ साली ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशात दाखल झाला. त्याच्या दहा वर्षं आधी, फेब्रुवारी २००९ मध्ये, मंगळूरला पबमधल्या मुलींना झालेल्या मारहाणीनंतर देशभरच्या बायकांनी निषेध म्हणून गुलाबी चड्ड्या टपालानं पाठवल्या. त्या आंदोलनाची इतर काही चर्चा करावी, पण बायकांनी हा शब्द वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर नेला, एवढं खरं.

इथपर्यंतची यादी पाहिली तर परकर, चोळी आणि चड्डी सोडून बाकी सगळी नावं समुद्रापलीकडून आली आहेत: पोलकं, झंपर, ब्लाउज, बॉडी, शेमीज, पेटीकोट, निकर, साया. मला यात भाषेचा पराभव दिसत नाही. परक्या शब्दाला माहेर नसतं, त्यामुळे तो उच्चारताना आईबापांची नजर आड येत नाही. बॉडी म्हणणं सोपं जातं ते म्हणूनच. ‘स्तनपट्ट’ म्हणून पाहा.

कपडा मात्र परका राहिला नाही, तो घरात शिवला गेला. त्यासाठीचं सगळ्यात स्वस्त कापड मांजरपाट. या नावात मांजर नाही. आंध्रात गोदावरीच्या मुखाशी नरसापूरजवळ मादापोल्लम नावाची वस्ती होती, तिथे ईस्ट इंडिया कंपनीची वखार होती आणि तिथल्या साध्या सुती कापडाला ते नाव पडलं. त्याचं मराठीत मादरपाट, आणि लोकांच्या तोंडी मांजरपाट. ज्या वऱ्हाडातून कापसाच्या गाठी मँचेस्टरला गेल्या, त्या वऱ्हाडातल्या बायकांनी आतले कपडे मादापोल्लमचं नाव घेतलेल्या, गिरणीत विणलेल्या कापडाचे शिवले. पण अंगाला सगळ्यात चांगलं जुनं धोतर किंवा धुऊन मऊ झालेलं लुगडं. त्यात खळ उरलेली नसते आणि ते आता आक्रसत नाही. नवं मांजरपाट घ्यायचं तर रात्रभर पाण्यात भिजवून, वाळवून मगच कापावं, नाहीतर पहिल्या धुण्यात बॉडी बोटभर आखूड होते.

शिवणाचं मशीन घरोघर यायच्या आधी हे सगळं हातशिवण होतं. १९०९ साली रमाबाई रानड्यांच्या पुढाकारानं पुण्यात सुरू झालेल्या सेवासदनात शिवणाचे वर्ग होते, नंतर ती पद्धत महाराष्ट्रभरच्या महिला मंडळांत पसरली. १९३०च्या दशकात कलकत्त्याला ‘उषा’ मशीन तयार होऊ लागलं आणि विलायती ‘सिंगर’ला देशी जोड मिळाली. लग्नात मशीन द्यायची पद्धत त्यानंतरची. शिवणवर्गात झबलं, परकर आणि ब्लाउज शिकवतात; बॉडी आणि चड्डी मात्र पाहून, उसवून, एकमेकींकडून शिकल्या गेल्या. जुनी बॉडी उसवली की तिचे तुकडे हाच तिचा कागदी नमुना.

आता प्रत्यक्ष शिवणाचं थोडं सांगते, कारण या कपड्यांत खरी बुद्धी तिथे आहे. कापड सपाट आणि अंग गोल, हा सगळा प्रश्न. सपाटाला गोल करायचे तीन उपाय आहेत. एक, टक्स: कापडात चिमटा घेऊन टोकाकडे निमुळता करत शिवायचा. दोन, तुकडे जोडणं: कटोरी दोन-तीन भागांत कापायची, त्यांच्या कडा वेगवेगळ्या वळणाच्या ठेवायच्या, त्या वळणाच्या कडा एकमेकींना जोडल्या की कापड आपोआप फुगतं. तीन, उरेब: उभ्या-आडव्या धाग्यांच्या तिरप्या रेषेत कापड कापलं की ते ओढलं जातं आणि अंगावर बसतं. शहाणी शिवणारी तिन्ही वापरते. मात्र खालची कंबरपट्टी कधीही उरेब कापायची नाही. ती सरळ धाग्यातच हवी, कारण सगळा भार तिच्यावर असतो, खांद्याच्या पट्टीवर नाही. ही गोष्ट दुकानातल्या बॉडीच्या बाबतीतही खरी आहे. खांद्यावर वळ उठत असतील तर पट्टी घट्ट करू नये, छातीखालचा घेर मोजावा. घेर आणि छाती ही दोन मापं वेगळी घ्यायची असतात. बाजारात बहुतेक ठिकाणी मिळतो तो ३२, ३४, ३६ असा एकच आकडा.

१९१४ साली अमेरिकेत मेरी फेल्प्स जेकब या तरुणीला तिच्या ‘बॅकलेस ब्रेसियर’साठी पेटंट मिळालं. तिनं पहिला नमुना मोलकरणीच्या मदतीनं दोन हातरुमाल आणि रिबन जोडून घरीच शिवला होता. पाठ उघडी, बंद मागे. पोहरादेवीच्या कांचळीचं चित्र इथे परत आणावं. मी असं म्हणत नाही की तिनं ती पाहिली होती. एकाच अडचणीवर सुईदोरा घेऊन बसलेल्या दोन बायका एकाच उत्तरापर्यंत येतात. ऑस्ट्रियात लेंगबर्गच्या किल्ल्याच्या जमिनीखालच्या भरावात २००८ साली पंधराव्या शतकातले लिननचे कपडे मिळाले. त्यांत कटोऱ्या असलेल्या चोळ्या निघाल्या, तेव्हा युरोपातल्या अभ्यासकांनाही आपला इतिहास मागे सरकवावा लागला. आतले कपडे संग्रहालयात येत नाहीत. फाटेपर्यंत वापरतात, मग पुसायला घेतात.

चड्डीचं शिवण वरकरणी सोपं वाटतं. दोन पायांचे दोन तुकडे, पुढची-मागची मधली शिवण, वर नेफा, त्यात नाडी. नेफा हा फारसी शब्द, नाडी घालायची पोकळ पट्टी. पण नुसत्या दोन तुकड्यांची चड्डी उकिडवं बसलं की मधोमध फाटते. उकिडवं बसताना मागचं अंतर वाढतं आणि कापडाला द्यायला जागा नसते. तिथे पाच इंची चौकोनी तुकडा, कोनावर उभा धरून, चारही पायशिवणींच्या मध्ये बसवायचा. मग ओढ एका रेषेवर न येता चार दिशांना वाटली जाते. बसून मापलेली उंची धरायची, म्हणजे खुर्चीवर बसून कमरेपासून बैठकीपर्यंत, आणि तीत वर एक इंच सैल. शिवाय नेफ्याला दीड इंच. कमरेचा नव्हे, नितंबांचा घेर घ्यायचा आणि त्यात पाच-सहा इंच वाढवायचे. त्या चौकोनाला धावदोरा चालत नाही, उलटी टीप हवी, आणि कडा आत दुमडून पुन्हा शिवायच्या, म्हणजे कच्ची कड अंगाला लागत नाही. नव्वद सेंटिमीटर पन्ह्याच्या पाऊण मीटर कापडात मध्यम अंगाची चड्डी निघते.

लास्टिकपेक्षा नाडी बरी, असं माझं मत आहे, आणि ते जुन्या वळणाचं म्हणून नव्हे. उकळत्या पाण्यात चार-सहा वेळा गेलं की लास्टिक मरतं आणि ते बदलायला नेफा उसवावा लागतो. नाडी पिनेला अडकवून दोन मिनिटांत बदलते. पाळीच्या दिवसांतले कपडे उकळून, उन्हात वाळवायचे असतील तर हा फरक मोठा आहे.

इथे नाव न घेण्याचा मुद्दा परत येतो, आणि तो लाजेपुरता नाही. डॉ. राणी बंग यांनी गडचिरोलीत दोन गावांतल्या ६५० स्त्रियांची तपासणी केली, तिचे निष्कर्ष १९८९ च्या जानेवारीत ‘लॅन्सेट’मध्ये आले. ९२ टक्के स्त्रियांत एखादा तरी स्त्रीरोग आढळला आणि त्याआधी तशी तपासणी झालेल्या जेमतेम ८ टक्के. या बायका बोलत नव्हत्या असं नाही. अंगावरून जातं, कंबर धरते, अंग जड होतं, असं त्या बोलतच होत्या. त्या बोलीतलं नेमकं काय ते ऐकणाऱ्याला कळावं लागतं. त्यांच्या ‘कानोसा’ या पुस्तकाचं मोल मला त्यातल्या शब्दांसाठीही वाटतं. तक्रारीला ‘अंग’ एवढंच नाव असलं तर खाज कुठे, ओलावा कुठे, कपडा कुठे घासतो हे सांगायचं कसं? टॉवेलखाली सावलीत वाळलेला दमट कपडा पुन्हा अंगावर चढतो. खाज तिथून सुरू होते, आणि तो कपडा उन्हात घाला हे सांगायलाही आधी त्याचं नाव घ्यावं लागतं.

‘गूंज’ या संस्थेचे अंशु गुप्ता त्यांच्या कामाच्या मागची एक हकीकत सांगतात. एका बाईनं पाळीत घडी म्हणून जुन्या ब्लाउजचा तुकडा घेतला, त्यात गंजलेला हूक राहिला होता, धनुर्वातानं ती गेली. पुढे गाठ मारायच्या चोळीत लोखंड नव्हतं. म्हणून घरी शिवणाऱ्यांनी हूक लावायचाच तर पितळी लावावा, आणि जुना ब्लाउज फाडायला घेताना आधी हूक-आकडे कापून काढावेत. बॉडीला कापडाची गुंडी आणि दोऱ्याचा फास लावला तर तोही प्रश्न उरत नाही. पाठीवर निजताना टोचतही नाही.

चिकट पट्टीचं पॅड १९७०च्या सुमारास अमेरिकेत आलं. त्याआधीची पॅडं पट्ट्याला अडकवत. चिकट पट्टी आली आणि चड्डी सक्तीची झाली, कारण पॅड चिकटवायचं कशाला? आपल्याकडे ८ मार्च २०१८ ला ‘अस्मिता योजना’ सुरू झाली. जिल्हा परिषदेच्या शाळांतल्या मुलींना आठ पॅडांचं पाकीट ५ रुपयांत. योजना चांगली होती. पण पाकिटात पॅडच होतं. ते ज्याला चिकटवायचं ती चड्डी मुलीकडे आहे, किती आहेत, दोन आहेत की एक, हा रकाना कुठल्या फॉर्मवर नव्हता. एकच असली तर ती रात्री धुऊन सकाळी ओलीच घालावी लागते, विशेषतः पावसाळ्यात.

शाळेत कार्यानुभवाच्या तासाला मुली रुमालाला टाके घालतात, पिशवी शिवतात, कधी उशीचा अभ्रा. पाऊण मीटर मांजरपाट, पाच इंचाचा एक चौकोन, दोन हात नाडी. सातवीतल्या मुलीच्या हाताला हे दोन तासांचं काम आहे, उलटी टीप येत असली तर. चौकोन बसवताना चौथा कोपरा नेहमी जरा सुटतो. तिथे सुई आधी मधल्या शिवणीतून काढायची, मग कोपरा टाचायचा.